बर्फावरची फटफटी आणि गारठलेला माणूस

सरकून बसा जरा, पाठ वाऱ्याकडे करा, आणि ती घोंगडी दोघींत घ्या, कारण आज पहाटेपर्यंत जागायचंच आहे. बागेच्या कडेला तारेच्या खांबाला मी थर्मामीटर टांगून ठेवलाय, पारा सहाच्या खाली उतरू लागला की छाटणीच्या काड्या आणि उसाचं पाचट पेटवून द्राक्षाच्या ओळीओळीतून धूर करायचा, नाहीतर मण्यांना तडे जातात आणि वर्षाची कमाई उभ्या वेलावर फुकट जाते. आमचं निफाड तसं कुणाच्या खिजगणतीत नाही, पण पारा उतरला की पेपरवाल्यांना आमची हटकून आठवण होते.

तर आजच्या गोष्टीचं खापर मोबाईलवर फोडायचं. सईचा मामा गुलमर्गला जाऊन आला, भाड्याचा कोट आणि भाड्याचे गमबूट घालून बर्फावरच्या त्या फटफटीवर मागे बसला, पुढच्या माणसाला घोरपडीसारखी मिठी मारली, आणि ते चित्रण मघाशी सगळ्यांनी सतरा वेळा पाहिलं. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा, मधे मोटारसायकलसारखी बैठक. स्नोमोबाईल म्हणतात तिला, आपल्याकडे स्नो स्कूटरही म्हणतात. बाकीचे हसत होते, पण आमच्या सईनं नेमकं विचारलं, "आजोबा, ही उलटली तर हो?"

उलटते. पण आधी ही गाडी जन्माला कशी आली ते ऐका.

कॅनडात क्यूबेक नावाचा फ्रेंच बोलणारा मुलूख आहे, तिथे वालकूर नावाच्या खेड्यात जोझेफ-आर्मां बोंबार्दिए नावाचं एक पोरगं होतं, सदा यंत्रं उघडून बसणारं. १९२२ साली, पंधराव्या वर्षी, त्यानं घसरगाडीवर जुन्या फोर्ड मोटारीचं इंजिन चढवलं, मागे विमानासारखा लाकडी पंखा लावला, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी धाकट्या भावाला सोबत घेऊन ते धूड भर गावातून पळवलं. बापानं काय केलं असेल? जे मी केलं असतं तेच. तो उघडा पंखा कुणाचा तरी हात उडवील म्हणून ते सगळं खोलून ठेवायला लावलं. पोराच्या डोक्यातलं चाक मात्र कोण थांबवणार! पुढे त्यानं गॅरेज काढलं, लग्न केलं, मुलंबाळं झाली, आणि १९३४ च्या हिवाळ्यात त्याच्या दोन वर्षांच्या मुलाचं अपेंडिक्स बिघडलं. तातडीनं दवाखान्यात न्यायला हवं होतं, आणि सगळ्या वाटा बर्फानं बुजलेल्या. पोर गेलं. त्यानंतर तीन वर्षांनी, १९३७ साली, दातेरी चाकावर फिरणाऱ्या रबरी पट्ट्याचं पेटंट त्याच्या नावावर झालं आणि सात माणसं बसतील अशी बर्फातली बंद मोटार त्यानं काढली. डॉक्टर घ्यायला लागले, टपालवाले घ्यायला लागले, रुग्णवाहिका म्हणून तिचा वापर होऊ लागला. एकट्यादुकट्यानं बसायची हलकी फटफटी आली ती १९५९ साली. कुत्र्यांच्या गाडीची जागा घेणारी म्हणून तिचं नाव ठेवायचं होतं 'स्की-डॉग', पण छापताना एका अक्षराची गडबड झाली, 'स्की-डू' छापलं गेलं, आणि त्यानं ते तसंच ठेवलं. बारशाच्या दिवशी आत्यानं भलतंच नाव कुजबुजावं आणि तेच जन्माला चिकटावं, तसं.

आता गंमत बघा. दवाखाना जवळ यावा म्हणून जी गाडी निघाली, तीच पुढे माणसाला दवाखान्यापासून लांब नेऊ लागली. पायी दिवसभर चालून जिथे पोचता येणार नाही तिथे ही अर्ध्या-पाऊण तासात नेऊन सोडते, गोठलेल्या तळ्यांवरून, पाइनच्या रानातून, ताशी शंभराच्या वर पळत. शेतकऱ्यानं कुंपणाला ताणलेली बारीक तार संध्याकाळच्या निळ्या उजेडात दिसत नाही, बर्फाखाली दडलेला बुंधा दिसत नाही, आणि पुढच्या वळणाला काय आहे हे वळण संपल्यावरच कळतं.

समजा, दोघे मित्र निघालेत, पुढचा आदळला झाडावर. मागच्यानं काय करायचं? त्याला वाटेल धावत सुटावं, पण आधी इंजिन बंद करायचं, कारण तो पट्टा फिरत असला तर बोटं ओढून घेतो आणि सांडलेल्या पेट्रोलला गरम नळकांडं पुरेसं असतं. शहाणे चालवणारे एक दोरी अंगातल्या कोटाला अडकवून ठेवतात, माणूस उडाला की दोरी सुटते आणि इंजिन आपोआप मरतं. मग तिसरा कुणी असेल तर त्याला वळणाआधी बॅटरी हलवत उभा करायचा, नाहीतर मागून येणारी आणखी एखादी गाडी याच दोघांवर चढायची. हाक मारायची, श्वास बघायचा. डोक्यावरचं हेल्मेट उगाच ओढून काढायचं नाही, मान मोडलेली असू शकते. श्वासच अडत असेल तर मात्र मान दोन्ही हातांनी सरळ धरून, सावकाश काढावं लागतं, कारण श्वासापुढे मानेला दुसरा नंबर.

आणि रक्त. इथे मला त्या जाड कपड्यांची भीती वाटते. बर्फातला सूट म्हणजे गोधडीच, आतल्या कापसासारख्या भरावात तांब्याभर रक्त मुरलं तरी वरून कोरडंठाक दिसतं. म्हणून मोजा काढून उघडा हात आत घालायचा, मांडीखाली, काखेखाली, पाठीखाली फिरवायचा, आणि जिथे हाताला कोमट, चिकट लागेल तिथे कापडाची घडी ठेवून दाबून धरायचं. दाबून म्हणजे दाबून, मिनिटा-मिनिटाला उचलून बघायचं नाही. हातापायातून धार लागली असेल आणि दाबानं थांबत नसेल तर जखमेच्या वर पट्टा आवळून बांधायचा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची.

आता इथे थंडी आपली पहिली खोडी काढते. तुमची आजी थंडीच्या दिवसांत दुधाला विरजण लावते तेव्हा पातेलं उघड्यावर ठेवत नाही, जुन्या धाबळीत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवते, कारण गार पडलं की विरजण लागत नाही, सकाळी बघावं तर दूध तसंच पातळ. रक्ताचंही अगदी तसंच आहे बाई. ते साकळतं ते काही नाजूक रसांच्या जोरावर, आणि अंग गार पडलं की ते रस सुस्तावतात. माणसाचं अंग ३७ अंशांवरून ३५ च्या खाली गेलं की डॉक्टर त्याला गारठा चढला म्हणतात, आणि जखमी माणसाचा पारा त्याखाली उतरत गेला की वाहणारं रक्त थांबायचं नाव घेत नाही. म्हणून बर्फातल्या जखमीला ऊब देणं ही नंतरची माया नव्हे, रक्त थांबवण्याच्या कामाचाच तो भाग आहे.

ऊब द्यायची म्हणजे पहिलं पांघरूण खाली. हे शहरातल्या माणसाला सुचत नाही, तो अंगावर दहा कोट टाकील आणि माणूस बर्फावरच पडलेला ठेवील, आणि तो बर्फ खालून निवांत ऊब पीत बसेल. आपण नव्या वासराच्या खाली पोतं आधी घालतो की नाही? तसं, पाइनच्या फांद्या, पाठपिशवी, फटफटीची गादी, जे मिळेल ते खाली. मान-पाठ न वाकवता, दोघा-तिघांनी ओंडका वळवावा तसं एकसंध वळवून ते सरकवायचं. कपडे ओले असतील आणि जवळ निवारा नसेल तर वाऱ्यात त्याला उघडा पाडायचं नाही, वरूनच प्लास्टिकचा कागद लपेटायचा, त्यावर घोंगडी, त्यावर जे असेल ते, अळूवडीचा उंडा वळतात तसा पुरता वळायचा, फक्त तोंड बाहेर. टोपी विसरायची नाही.

तो कुडकुडत असेल तर मी म्हणेन देव पावला. हुडहुडी म्हणजे शरीरानं आपल्याच स्नायूंची पेटवलेली शेकोटी, आणि तिला सरपण लागतं साखरेचं. शुद्धीवर असेल, नीट गिळत असेल, पोटाला मार नसेल, तर कोमट गोड पाणी घोट-घोट द्यावं. दारू मात्र थेंबभर नाही, ती कातडीकडच्या नळ्या उघडते, माणसाला गरम वाटतं आणि आतली ऊब वाऱ्यावर उधळली जाते. भिऊन असायचं ते हुडहुडी थांबली की. बोलणं जड होतं, जिभेला शब्द सापडत नाहीत, साधं बटण लागत नाही, आणि मग कधीकधी अशी एक विचित्र गोष्ट होते की ऐकून अंगावर काटा येतो. मरणाच्या दारातला गारठलेला माणूस अंगावरचे कपडे काढून फेकायला लागतो. कातडीच्या ज्या नळ्या इतका वेळ आवळून धरलेल्या असतात त्या थकून सैल सुटतात, उरलंसुरलं ऊन रक्त एकदम वर येतं, आणि बर्फात बसलेल्या माणसाला अंगाची आग झाल्यासारखं वाटतं. शोधायला गेलेल्यांना कपड्यांचा माग आधी सापडतो.

तुम्ही म्हणाल, मग चोळा की त्याला खसाखसा. सगळ्यांना तेच वाटतं, आणि यामागे एका बड्या माणसाचा हात आहे. नेपोलियन १८१२ साली रशियातून हात हलवत परतला तेव्हा त्याच्या सैन्यात लारे नावाचा थोर शल्यवैद्य होता, जखमींना रणातून उचलून न्यायला वेगवान घोडागाड्या काढणारा, म्हणजे रुग्णवाहिकेचा आजाच म्हणा. त्यानं पाहिलं की गोठलेले पाय घेऊन शेकोटीला चिकटून बसणाऱ्या शिपायांचे पाय हटकून सडतात. त्यात खोटं काही नव्हतं, बधिर पायाला चटका कळत नाही, आणि आज शेकलेला पाय उद्याच्या कूचीत पुन्हा गोठायचा. पण त्यावरून त्यानं सल्ला दिला की आगीपासून लांब राहा आणि गोठलेला भाग बर्फानं चोळा. त्याचं निरीक्षण शंभर नंबरी आणि उपाय उफराटा, तरी शंभर वर्षांच्या वर जग बर्फानं चोळत राहिलं, मोठ्या माणसाची चूकही टिकाऊ असते! पुढे विसाव्या शतकाच्या मध्यावर अलास्कातल्या मिल्स नावाच्या डॉक्टरनं आणि त्याच्यासारख्यांनी दाखवून दिलं की गोठलेलं बोट कोमट पाण्यात झटपट सोडवावं, ३७ ते ३९ अंशांच्या, म्हणजे तान्ह्या बाळाला आंघोळ घालताना कोपर बुडवून बघतो ना, तेवढ्या. चोळायचं अजिबात नाही, आत बर्फाच्या बारीक सुया झालेल्या असतात, चोळणं म्हणजे काचेचा चुरा हातात घेऊन कापूस पिंजणं. आणि वाटेत पुन्हा गोठण्याची भीती असेल तर सोडवायचंच नाही. गोठलेल्या पायावर माणूस वेळ पडली तर चालत जाऊ शकतो, सोडवलेल्या पायावर एक पाऊल टाकवत नाही.

तळ्याचं मात्र राहिलंच. या फटफट्या गोठलेल्या तळ्यांवरून जातात आणि बर्फ दगा देतो. माणूस चालायला चार इंच घट्ट बर्फ लागतो, फटफटीला पाच ते सात, पण झऱ्याच्या तोंडाशी तो पापडाइतका असतो आणि वरून सारखाच पांढरा. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात गीसब्रेख्त नावाच्या प्राध्यापकांनी स्वतःला इतक्या वेळा बर्फाच्या पाण्यात गारठवून घेतलंय की लोक त्यांना गमतीनं 'प्रोफेसर पॉप्सिकल' म्हणतात, पॉप्सिकल म्हणजे काडीवरची बर्फाची कुल्फी. त्यांचा हिशेब आहे एक, दहा, एक. पहिलं एक मिनिट श्वासाचं. पाण्यात पडताच छाती असा हपका घेते की तोंड पाण्याखाली असलं तर खेळ खलास, म्हणून त्या मिनिटात पोहायचं नाही, फक्त तोंड वर ठेवून श्वास ताळ्यावर आणायचा. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे, ज्या बाजूनं आलो तिकडे वळायचं, कारण तिकडच्या बर्फानं आपलं वजन एकदा तरी पेललेलं असतं, पाय मागे मारत पोटावर सरपटत वर यायचं आणि उभं न राहता गडबडा लोळत लांब जायचं. आणि मग एक तास, गारठ्यानं शुद्ध हरपायला साधारण तेवढा वेळ लागतो. लोक घाबरतात पाचव्या मिनिटाला, की आपण गोठून मरणार. अरे बाबा, तास आहे तुझ्या हातात! अंगातला जाड सूटही लगेच काढून टाकायचा नाही, त्यात हवा कोंडलेली असते, थोडा वेळ तो तरंगवतो.

बाहेर काढलेला, हुडहुडी थांबलेला माणूस उचलायचा कसा, तर काठोकाठ भरलेली घागर डोक्यावरून आणतात तसा, आडवा आणि हिंदकळू न देता. गारठलेलं हृदय फार चिडकं होतं, नुसत्या आदळआपटीनं त्याची लय सुटते आणि ते पिशवीतल्या गांडुळांसारखं वळवळायला लागतं. त्याच्या मनगटाची नाडी दहा सेकंदांत सापडत नाही, मानेपाशी बोटं ठेवून मिनिटभर थांबावं लागतं, कारण ते कधीकधी फार सावकाश, अंतराअंतरानं ठोके देत असतं. मिनिटभरात काहीच लागलं नाही तर छाती दाबायला घ्यायची, आणि सहजासहजी हार मानायची नाही. का नाही, ते सांगण्यासाठी मला बेडकाकडे जावं लागेल.

अलास्काच्या आणि कॅनडाच्या रानात अंगठ्यापेक्षा थोडा मोठा एक तपकिरी बेडूक असतो. हिवाळा आला की तो खोल बिळात जात नाही, पाचोळ्याखाली बसतो आणि चक्क गोठतो. त्याचं यकृत रक्तात साखर ओतत सुटतं, पेशींच्या आतलं पाणी त्या पाकामुळे तगून राहतं, बाहेरच्या पाण्याचा बर्फ होतो, डोळे पांढरे पडतात, श्वास बंद, हृदय बंद, टेबलावर आपटलं तर खड्यासारखा टक्क आवाज. असे महिनोन्महिने. वसंतात ऊन पडलं की आधी हृदय एक ठोका देतं, मग दुसरा, आणि दिवसभरात महाराज उड्या मारत डबक्याकडे. तिथेच एक खारही आहे, जमिनीत राहणारी, झोपेत तिचं अंग शून्याच्या खाली २.९ अंशांपर्यंत उतरलेलं मोजलंय, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी ती अंगाला कापरं भरवून स्वतःला तापवते आणि परत झोपते.

माणसाला ही विद्या नाही. पण तिची एक चुटपुटती सावली आपल्यातही आहे. हा कंदील बघा, वात मोठी असताना तेल रात्रभर पुरत नाही, वात खाली केली की पहाटेपर्यंत पुरतं. मेंदूचंही तेच, अंग एकेक अंशानं गार होतं तशी त्याची प्राणवायूची भूक सहा-सात टक्क्यांनी कमी होत जाते. नॉर्वेत नार्विक नावाच्या गावाजवळ मे १९९९ मध्ये एक तरुण स्वीडिश डॉक्टरीण मित्रांबरोबर बर्फावर घसरायला गेली होती. फटफटी नव्हती, पायाला घसरपट्ट्या होत्या. ती तोल जाऊन ओढ्याच्या बर्फाला पडलेल्या भोकात डोक्याच्या बाजूनं गेली. वरून वितळलेलं पाणी अंगावर वाहतंय, मित्रांनी पट्ट्या धरून ठेवल्यात, ओढून निघत नाही. बर्फाखाली तिला हवेचा एक खिसा सापडला, त्यावर चाळीस मिनिटं ती हलत होती, मग थांबली. मदतीला आलेल्यांनी ओढ्याच्या खालच्या अंगाला बर्फ फोडून तिला काढलं तेव्हा पाण्यात जाऊन ऐंशी मिनिटं झाली होती. श्वास नाही, नाडी नाही, बुबुळं ताठ. तरी त्यांनी छाती दाबायला घेतली, हेलिकॉप्टरमध्ये तासभर दाबतच राहिले, ट्रॉम्सोच्या रुग्णालयात अंगाचा पारा भरला १३.७ अंश. म्हणजे आपल्या माठातलं पाणी यापेक्षा ऊन असतं. तिथे मॅड्स गिल्बर्ट नावाचे डॉक्टर होते, त्या लोकांचा एक रिवाज आहे, गारठलेला माणूस ऊन करून घेतल्याशिवाय मेला म्हणायचं नाही. तिचं रक्त बाहेर यंत्रात घेतलं, तापवलं, परत आत सोडलं. शंभराच्या वर माणसं आळीपाळीनं नऊ तास राबली. हृदयानं ठोका दिला. दहा-बारा दिवसांनी ती जागी झाली तेव्हा मानेखाली काही हलत नव्हतं, पण ते हळूहळू परतलं, आणि पुढे ती त्याच रुग्णालयात क्ष-किरण डॉक्टर म्हणून कामाला लागली.

माझ्या लहानपणी विहिरीतून काढलेल्या एका गड्याला कुंभाराच्या चाकावर घालून फिरवलेलं मी पाहिलंय. ही नॉर्वेची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्रभर तोच डोळ्यांपुढे होता. पण आपल्या विहिरीचं पाणी कोमट, त्यात कुणाची वात खाली होत नाही, दम तुटायच्या आत अंग गार पडलं तरच हा चमत्कार. आणि त्या गरगर फिरवण्याऐवजी कुणी त्याच्या तोंडात श्वास फुंकला असता तर, हे मात्र अजून मनातून जात नाही.

बघ गं सई, पारा किती झाला? साडेपाच? चला उठा, पाचट पेटवा, वाऱ्याच्या बाजूनं पेटवा. आणि ही कुठे चालली? हौदापाशी. अस्तनी वर केली कार्टीनं आणि घातला की हात कोपरापर्यंत आत. बघा बघा, घेतला ना छातीनं हपका! आता साठ मोज, श्वास सावकाश. एक, दोन, तीन...